सांधा न लपवणारा वास्तुकार

एस्किल्स्टुना हे स्टॉकहोमच्या पश्चिमेचं, लोखंडकामासाठी नावाजलेलं गाव. चाकू, कात्र्या, कुलपं, हत्यारं ही त्याची जुनी ओळख. १९४० च्या दशकात इथं इडेस्टा नावाचा एक कारखाना होता. दारांच्या मुठी, बिजागऱ्या, पोलादी खिडक्या असलं सामान तिथं बनत असे. मालक साठीला टेकलेला, मोजकं बोलणारा गृहस्थ होता. नाव सिगुर्ड लेव्हरेंट्स. तिसाव्या वर्षी त्यानं एका मित्राबरोबर स्टॉकहोमच्या नव्या दफनभूमीची स्पर्धा जिंकली होती. ती जागा आज युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आणि सत्तरी उलटल्यावर त्याच्या हातून विटांची दोन चर्चं उभी राहायची होती. त्यांतलं एक पाहायला आज जगभरचे वास्तुकार वाट वाकडी करून दक्षिण स्वीडनमधल्या एका छोट्या गावी जातात. मधली वीसेक वर्षं मात्र या माणसाचा मुख्य धंदा दारं-खिडक्यांचं सामान करून विकण्याचा होता.

त्याच्यावर लिहिणारे बरेच जण ही वर्षं हळहळत ओलांडतात. केवढा प्रतिभावंत, आणि बिजागऱ्या करत बसला, असा सूर असतो. मला तो सूर पटत नाही. लेव्हरेंट्सच्या कामात लक्षात राहते ती इमारतीची आकृती नव्हे, तर दोन वस्तू एकमेकींना भेटतात ती जागा. काच भिंतीला कुठं टेकते, खांब छताला कसा लागतो, एक वीट दुसरीपासून किती अंतरावर बसते, याचा त्याच्याइतका हट्टानं विचार विसाव्या शतकात फार थोड्यांनी केला. आणि हा विचार करायला कारखान्याच्या बाकड्याइतकी चांगली शाळा नाही.

त्याचा जन्म २९ जुलै १८८५ चा, उत्तर स्वीडनमधल्या सांडो इथला. वडील तिथल्या काच कारखान्याचं काम पाहत. कारखान्याच्या आवारात वाढलेल्या मुलानं आधी गोथेनबर्गच्या चाल्मर्स संस्थेत अभियांत्रिकी शिकावी, हे ओघानंच आलं. तिथून तो जर्मनीला गेला. बर्लिनमध्ये ब्रुनो म्योरिंग, म्युनिकमध्ये टेओडोर फिशर आणि रिखार्ड रीमरश्मिड यांच्या कार्यालयांत त्यानं उमेदवारी केली. फिशर आणि रीमरश्मिड हे १९०७ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन वेर्कबुंडच्या उभारणीतले लोक. कारागीर, कारखानदार आणि कलावंत यांनी एकत्र येऊन रोजच्या वापराची वस्तू नीट घडवली पाहिजे, हा त्या चळवळीचा आग्रह. पुढं स्वतः कारखाना काढणाऱ्या लेव्हरेंट्सनं तो आग्रह फारच मनावर घेतला, असं म्हणायला हरकत नाही.

१९१० मध्ये तो स्टॉकहोमला परतला आणि शाही कला अकादमीत दाखल झाला. तिथलं जुनाट शिक्षण त्याला आणि काही सोबत्यांना मानवलं नाही. त्यांनी अकादमी सोडली आणि शहराच्या क्लारा भागात स्वतःची शाळा काढली. शिकवायला बोलावलं ते रागनार ओस्टबेरी, इव्हार टेंगबूम, कार्ल वेस्टमान, कार्ल बेरीस्टेन अशा त्या काळच्या आघाडीच्या वास्तुकारांना. विद्यार्थ्यांनी मास्तर निवडायचे, असा हा उलटा प्रकार जेमतेम वर्षभर टिकला. पण त्या वर्षात लेव्हरेंट्सला गुन्नार आस्प्लुंड भेटला. दोघांचं वय एकच. आस्प्लुंड बोलका, माणसं जोडणारा, वेळेवर काम हातावेगळं करणारा. लेव्हरेंट्स यातलं काहीच नव्हता.

त्या काळच्या स्वीडनमध्ये एक प्रश्न वास्तुकारांसमोर नव्यानं आला होता. प्रेताला अग्नी देणं आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. स्वीडनमध्ये मात्र शतकानुशतकं पुरण्याचीच रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दहनाचा पुरस्कार करणारे लोक तिथं पुढं आले. आरोग्य, जागेची टंचाई, स्वच्छता हे त्यांचे मुद्दे. पण दहनगृह दिसावं कसं? देवळासारखं, की कारखान्यासारखं? भट्टी आहे, धुराडं आहे, आणि बाहेर शोकाकुल माणसं उभी आहेत. या इमारतीला पूर्वपरंपराच नव्हती. लेव्हरेंट्सनं हेल्सिंगबोर्ग शहरासाठी एका दहनगृहाचा आराखडा केला. इमारत वाहत्या ओढ्यावर आडवी टाकलेली. आलेल्या लोकांनी एका बाजूनं आत जायचं, निरोप द्यायचा आणि आले त्या वाटेनं मागं न फिरता दुसरीकडून, पाण्याच्या आणि उजेडाच्या बाजूला बाहेर पडायचं. हा आराखडा तसा बांधला गेला नाही. पण १९१४ मध्ये माल्मोला भरलेल्या बाल्टिक प्रदर्शनात तो मांडला होता. तिथंच लेव्हरेंट्स आणि आस्प्लुंड यांनी ठरवलं, की स्टॉकहोमच्या दक्षिणेकडच्या नव्या दफनभूमीच्या स्पर्धेत आपण मिळून उतरायचं.

स्पर्धेची जागा एन्स्केडे भागातली होती. खडी-वाळू काढून पडीक झालेल्या खाणी आणि त्यांवर माजलेलं पाइनचं रान. बहुतेकांना अशी जागा म्हणजे अडचण वाटावी. तेव्हाच्या रीतीप्रमाणं दफनभूमी म्हणजे आखीव बगीचा: सरळ रस्ते, कापलेली झुडपं, मानाप्रमाणं लहानमोठी थडगी. या दोघांनी आपल्या प्रवेशिकेला ‘टाल्लुम’ असं टोपणनाव दिलं आणि रान जसंच्या तसं ठेवलं. थडग्यांसाठी झाडं तोडायची नाहीत. थडगीच झाडांखाली, ठेंगणी, एकमेकांशी बरोबरीनं बसवायची. १९१५ मध्ये त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. स्कूग्सशिर्कोगोर्डेन हे त्या जागेचं स्वीडिश नाव. मराठीत तिला अरण्यस्मशान म्हणता येईल. पुढची पंचवीस वर्षं तिथलं काम चालू राहिलं.

आज तिथं गेलं की आधी डोळ्यांत भरतो तो मोठा, मोकळा, गवताचा उतार. डावीकडे आस्प्लुंडचं दहनगृह आणि ग्रॅनाइटचा उंच क्रूस, उजवीकडे एक टेकडी आणि तिच्या माथ्यावर झाडांची चौकोनी राई. जमिनीची ही घडण मुख्यतः लेव्हरेंट्सची मानली जाते. टेकडीवर जायला पायऱ्या आहेत आणि त्यांत एक बारीक युक्ती आहे: वर जावं तसतशी पायरीची उंची कमी होत जाते. चढून दमलेल्या, वयानं आणि दुःखानं थकलेल्या माणसाला शेवटच्या पायऱ्या सोप्या लागाव्यात, म्हणून. कुणी सांगितल्याशिवाय हे लक्षात येत नाही. फक्त माथ्यावर पोचल्यावर आपल्याला अपेक्षेइतकी धाप लागलेली नसते.

याच टेकडीपासून एक सरळसोट वाट रानात शिरते. लांबी ८८८ मीटर. सुरुवातीला दुतर्फा बर्चची फिकी, उजळ झाडं आहेत. पुढं सूचिपर्णी झाडं येत जातात आणि वाट गडद होते. वाटेच्या टोकाला दिसत राहतो एक स्तंभमंडप, लांबून खेळण्याएवढा आणि जवळ जावं तसा उंच होत जाणारा. हे लेव्हरेंट्सचं पुनरुत्थान चॅपेल, १९२५ मध्ये पूर्ण झालेलं.

या चॅपेलपाशी थोडं थांबायला हवं. बाहेरून पाहिलं तर हे शुद्ध अभिजात काम आहे: बारा कोरिंथियन खांब, वर त्रिकोणी शिखर, मागं उंच, अरुंद, जवळजवळ बिनखिडक्यांची इमारत. त्या दशकात स्वीडनमध्ये अशा उत्तरेकडच्या, सडसडीत अभिजात शैलीची चलती होतीच. पण जवळ गेलं की गंमत कळते. मंडप इमारतीला चिकटलेला नाही. दोहोंत फट आहे, आणि मंडप इमारतीशी काटकोनात नसून किंचित तिरपा आहे. मंडप वाटेला बांधील आहे, चॅपेल पूर्व-पश्चिम दिशेला. वाट आणि दिशा यांचं नेमकं जुळत नव्हतं. दुसऱ्या कुणीही एक भिंत थोडी सरकवून ते जुळवून घेतलं असतं, आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागला नसता. लेव्हरेंट्सनं ती न जुळणारी जागा तशीच उघडी ठेवली. मला वाटतं, त्याच्या पुढच्या सगळ्या कामाचं बीज या हातभर फटीत आहे.

आत गेल्यावर दक्षिणेच्या भिंतीत एकच मोठी खिडकी आहे. तिचा उजेड शवपेटी ठेवतात त्या जागेवर पडतो. लोक उत्तरेकडून मंडपातून येतात आणि विधी झाल्यावर पश्चिमेच्या दारानं खालच्या पातळीवरच्या थडग्यांकडे उतरतात. हेल्सिंगबोर्गच्या कागदावर राहिलेली ती कल्पना, आलेल्या वाटेनं परत न फिरण्याची, इथं विटा-चुन्यात उतरली.

पण हे काम होईपर्यंत दफनभूमीच्या मंडळाचा धीर सुटत चालला होता. लेव्हरेंट्स आराखडे पुन्हा पुन्हा काढायचा. ठरलेलं बदलायचा. तारखा हुकायच्या. १९३० च्या दशकाच्या मध्यावर मोठ्या दहनगृहाचं काम निघालं, तेव्हा मंडळानं ते एकट्या आस्प्लुंडकडे सोपवलं. वीस वर्षांचा जोडीदार बाहेर. आस्प्लुंडनं काम स्वीकारलं आणि दोघांचं मैत्र तिथं संपलं. ते दहनगृह १९४० मध्ये पूर्ण झालं, आस्प्लुंड त्याच वर्षी ऑक्टोबरात वारला आणि तिथंच विसावला. दोष कुणाचा, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. आस्प्लुंडचं दहनगृह ही थोर इमारत आहे, यात वाद नाही. मंडळाचीही बाजू समजू शकते. प्रेतं तारखा पाहून येत नाहीत. तरी ज्यानं ती जमीन घडवली त्याला तिच्यावर शेवटची मोठी इमारत बांधू दिली गेली नाही, हे खटकतंच.

मधल्या काळात स्वीडनची वास्तुकला पालटली होती. १९३० च्या स्टॉकहोम प्रदर्शनात पोलाद, काच आणि सपाट छतांची नवी वास्तुकला एका उन्हाळ्यात देशभर पोचली. प्रमुख वास्तुकार होता आस्प्लुंड. लेव्हरेंट्सनं या प्रदर्शनाचं बोधचिन्ह आणि भित्तिपत्रकं केली. म्हणजे नव्या युगाचा चेहरा त्याच्या हातचा. पण पुढच्याच वर्षी सहा जणांनी मिळून या नव्या विचाराचा जाहीरनामा पुस्तकरूपानं काढला, त्यात त्याचं नाव नाही. जाहीरनामे काढणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्यानं आयुष्यात ना पुस्तक लिहिलं, ना कुठं प्राध्यापकी केली.

याच सुमारास त्याची स्टॉकहोममधली राष्ट्रीय विमा संस्थेची इमारत उभी राहिली. रस्त्याकडून कठोर, सपाट, एकसारख्या खिडक्यांच्या रांगा. आत लंबगोल अंगण. आणि या इमारतीच्या निमित्तानं त्याला एक अडचण नीट कळली. हव्या तशा पोलादी खिडक्या बाजारात मिळत नव्हत्या. मग आपणच का करू नयेत? आधी एक छोटी कंपनी, मग इडेस्टा, मग एस्किल्स्टुनाचा कारखाना. काही रचनांचे पेटंटही त्यानं घेतले. वास्तुकलेची कामं पूर्ण थांबली नव्हती. माल्मोचं नगर नाट्यगृह त्यानं एरिक लालरस्टेड्ट आणि डेव्हिड हेल्डेन यांच्याबरोबर केलं, ते १९४४ मध्ये उघडलं. पण मोठ्या कामांच्या यादीतून त्याचं नाव हळूहळू पुसलं गेलं. युद्धानंतर स्वीडनमध्ये उपनगरांमागून उपनगरं बांधली जात होती, कल्याणकारी राज्याची घरं लाखोंनी उभी राहत होती, आणि त्या सगळ्या धामधुमीत त्याला जवळजवळ जागा नव्हती.

ती जागा त्याला अशाच एका उपनगरानं दिली. स्टॉकहोमच्या दक्षिणेला ब्यॉर्कहागेन नावाची नवी वसाहत होत होती. तिथं चर्च हवं होतं. १९५६ मध्ये निवडक वास्तुकारांची स्पर्धा झाली आणि ती एकाहत्तर वर्षांच्या लेव्हरेंट्सनं जिंकली. संत मार्क चर्च १९६० मध्ये पूर्ण झालं. बर्चच्या झाडांमध्ये गडद तपकिरी विटांच्या भिंती, काही ठिकाणी किंचित वळलेल्या. छतही विटांच्या उथळ कमानींचं. आसपास सगळीकडे पांढऱ्या, उजळ, धुतल्यासारख्या इमारती होत असताना हा काळोखी विटांचा ढीग पाहून लोक बुचकळ्यात पडले असणार. पण वास्तुकारांना तो कळला. स्वीडिश वास्तुकारांचा कास्पर सालीन पुरस्कार तेव्हा नवाच सुरू झाला होता. १९६२ चा तो मान या चर्चला मिळाला.

आणि मग क्लिप्पान. स्कोने प्रांतातलं, कागद गिरणीसाठी ओळखलं जाणारं हे छोटं गाव. संत पीटर चर्चचं काम १९६३ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये संपलं. काम सुरू झालं तेव्हा लेव्हरेंट्स ७८ वर्षांचा होता. या वयात माणसं जुन्या कामांचे सत्कार घेत फिरतात. हा रोज बांधकामावर उभा राहून गवंड्यांशी विटा कशा बसवायच्या याची चर्चा करत होता.

चर्चचा मुख्य भाग म्हणजे १८ मीटर बाजूचा चौरस. चौरसच का, तर त्या काळात ल्युथरन चर्चमध्ये उपासनेच्या रीतीचा नव्यानं विचार चालू होता. लोकांनी रांगा करून दूरवरच्या वेदीकडे पाहत बसण्याऐवजी वेदीभोवती जमावं, सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींसारखं, अशी ती कल्पना. लेव्हरेंट्सनं ती इमारतीत आणली. खुर्च्या वेदीच्या सभोवार मांडतात.

बांधकामाचे त्याचे नियम थोडके आणि कडक होते. सगळीकडे एकच, नेहमीच्या मापाची, हेल्सिंगबोर्गची गडद वीट. भिंत, जमीन, छत, वेदी, धर्मगुरूचं आसन, सगळं त्याच विटेचं. खास आकाराची वीट मागवायची नाही. आणि वीट कापायची नाही. एकही.

हा शेवटचा नियम ऐकायला साधा वाटतो. ज्यानं कधी गवंडीकाम जवळून पाहिलं आहे त्याला मात्र तो जाचक आहे हे लगेच कळेल. आपल्याकडचा गवंडी थापीच्या एका फटक्यात विटेचा अद्धा पाडतो, आणि तो पाडल्यावाचून भिंत पुढं सरकतच नाही. एकावर एक थरांत सांधेमोड साधायची, कोपरा वळवायचा, खिडकीची कड सरळ आणायची, तर कुठं ना कुठं अर्धी, पाऊण वीट लागतेच. वीट अखंडच ठेवायची ठरवली, की मापातला सगळा फरक जाऊन बसतो विटांमधल्या मसाल्यात. एरवी बोटभर असणारा सांधा कुठं बारीक, कुठं दुप्पट, कुठं जवळजवळ विटेच्या जाडीइतका होतो. क्लिप्पानच्या भिंतीत हेच दिसतं. लांबून वाटतं विटांची भिंत आहे. जवळून पाहिलं तर मसाल्याच्या भिंतीत विटा रोवल्यासारख्या दिसतात. सांधे कोरून रेखीव केलेले नाहीत. गोणपाटानं पुसून सपाट केले आहेत आणि पुसताना लागलेला मसाला विटांच्या तोंडावर तसाच राहिला आहे. आपल्याकडे असं काम पाहून मालकानं गवंड्याचे पैसे अडवले असते. पण ही ढिलाई नव्हे. कुठला सांधा किती जाड, हे कागदावर सगळं ठरवता येत नाही. ते थराथराला, जागेवर उभं राहून ठरवावं लागतं. म्हणून तर म्हातारा रोज तिथं हजर.

आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही. इतका अंधार आहे. खिडक्या थोड्या आणि लहान. डोळे सरावले, की मधोमध, पण नेमक्या मधोमध नाही, गंजलेल्या पोलादाचा एक खांब उभा दिसतो. वर त्याला आडवी तुळई. क्रूसाची आठवण होते, आणि ती होणारच. पण अभियंत्याच्या नजरेनं पाहिलं तर त्याचं कामही स्वच्छ आहे: १८ मीटरचा गाळा तो मध्येच तोलून धरतो. आडव्या तुळईवर दुसऱ्या तुळया, त्यांवर विटांच्या कमानी. प्रत्येक भाग दुसऱ्यावर ठेवलेला आहे. मुरवून, गुळगुळीत करून एकजीव केलेला नाही. कोण कुणाचं ओझं घेतंय हे बोट ठेवून दाखवता येतं.

जमीनही सपाट नाही. ती वेदीकडे हलक्या उतारानं जाते आणि एका ठिकाणी थोडी फुगून फाटल्यासारखी उघडते. तिथं पोलादी आधारावर एक मोठा समुद्री शिंपला ठेवला आहे. हे बाप्तिस्म्याचं पात्र. त्यातलं पाणी थेंबाथेंबानं खालच्या फटीतल्या काळोख्या पाण्यात पडत राहतं. विटांच्या त्या खोलीत तो आवाज सतत असतो.

आता खिडक्या. आतून पाहिलं तर भिंतीला नुसतं भोक पाडलं आहे असं वाटतं. चौकट नाही, फळी नाही, काच बसवायची खाच नाही. थेट विटा आणि थेट बाहेरची झाडं. बाहेर जाऊन पाहिलं की उलगडा होतो. दुपदरी काचेचा भोकापेक्षा मोठा तुकडा भिंतीच्या बाहेरच्या अंगाला नुसता टेकवला आहे, लहान पोलादी पकडींनी धरला आहे, आणि कडेनं चिकट लांबी भरून पाऊस-वाऱ्याला बंद केला आहे. बस्स. पंधरा-वीस वर्षं ज्यानं खिडकीच्या चौकटी बनवल्या, विकल्या, त्यांचे पेटंट घेतले, त्यानं शेवटी चौकटच काढून टाकली. एखाद्या नवख्याला हे सुचलं असतं तर पहिल्या हिवाळ्यात पाणी आत आलं असतं. चौकट नेमकं काय काय करते हे ज्याला इंचाइंचानं माहीत आहे त्यालाच ती वगळता येते. एस्किल्स्टुनाची वर्षं वाया गेली म्हणणाऱ्यांना मी क्लिप्पानची खिडकी दाखवीन.

या इमारतीत सगळं सुखाचं आहे असं नाही. पुस्तक उघडून वाचायचं तर दिव्याखाली सरकावं लागतं. चिकट लांबीला आयुष्य असतं; ती केव्हातरी बदलावी लागते. आणि अशा कामाला वास्तुकाराची रोजची हजेरी लागते, म्हणजे ते कुठल्याही सरकारी निविदेत बसणारं नाही. पण मला अधिक मजेदार वाटतं ते तिचं उत्तरायुष्य. १९९० नंतर लंडनपासून बेल्जियमपर्यंत अनेक वास्तुकारांना लेव्हरेंट्स नव्यानं सापडला. अ‍ॅडम कारुसोसारख्या वास्तुकारानं त्याच्या बांधकामपद्धतीवर लिहिलं, आणि जाड, पुसलेल्या सांध्यांच्या विटभिंती युरोपात दिसू लागल्या. त्यांतल्या काही खरोखर चांगल्या आहेत. उरलेल्यांत सांधा जाड आहे, पण शेजारीच वीट यंत्रानं कापलेली आहे. तिथं सांधा जाड का, याला उत्तर नसतं.

त्याच्या अबोलपणाचंही असंच झालं आहे. मौनी तपस्वी, विटांचा ऋषी, अशा प्रतिमेत तो बंद होत चालला. इंग्रज वास्तुकार कॉलिन सेंट जॉन विल्सन यांनी त्याच्यावर अतिशय समजून लिहिलं आणि त्याच्या या मौनाकडे जगाचं लक्ष वेधलं. पण शिष्यगण नेहमीच गुरूपेक्षा एक पायरी पुढं जातो. वस्तुतः हा माणूस धंदा चालवत होता, गिऱ्हाइकांना माल दाखवत होता, पेटंटचे कागद भरत होता, गवंड्यांशी तासन्‌तास बोलत होता. समीक्षकांशी बोलत नव्हता, एवढंच. स्टॉकहोमच्या आर्कडेस संग्रहालयात त्याचं दफ्तर आहे. २०२१ मध्ये तिथं त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं आणि त्यात चर्च व दफनभूमींबरोबर दुकानं, जाहिराती, कारखान्याचं सामान असं सगळं मांडलं गेलं. ते बरं झालं.

एक काम अजून सांगायचं राहिलं, आणि ते त्याच्या आयुष्यातलं सर्वांत लांबलेलं काम आहे. स्टॉकहोमची स्पर्धा जिंकल्यावर वर्षभरातच, १९१६ मध्ये, लेव्हरेंट्सनं एकट्यानं माल्मोच्या पूर्व दफनभूमीची स्पर्धा जिंकली होती. ही जमीन अगदी वेगळी: रान नाही, खाणी नाहीत, सपाट शेतजमीन आणि तिच्यातून गेलेला एक लांबट उंचवटा. त्यानं तो उंचवटा सपाट करू दिला नाही. त्यालाच कणा धरून दोन्ही बाजूंना दफनाचे चौक आखले. १९२६ मध्ये तिथं एक अभिजात धाटणीचं चॅपेल झालं. १९४० च्या दशकात संत गेर्ट्रूड आणि संत क्नूट यांची जोडचॅपेलं झाली, अगदी निराळ्या हातानं. कुंपणं, झाडांच्या ओळी, पाण्याच्या जागा, पायऱ्या असं काही ना काही चालूच राहिलं. म्हणजे एकाच आवारात हिंडताना अभिजात शैलीपासून पुढं काँक्रीटपर्यंत त्याचा सगळा प्रवास ओळीनं पाहता येतो.

त्यातलं शेवटचं बांधकाम १९६९ चं, प्रवेशद्वाराजवळचं फुलांचं दुकान. चार उघड्या काँक्रीटच्या भिंती, वर तांब्याच्या पत्र्याचं एकपाखी छप्पर. काच क्लिप्पानसारखीच बाहेरून टेकवलेली. आत विजेच्या तारा भिंतीत गाडलेल्या नाहीत. त्या काँक्रीटवरून मोकळ्या, वळणं घेत दिव्यांकडे जातात. वाकड्या वाटाव्यात इतक्या निवांत. तेव्हा तो ८४ वर्षांचा होता. पुढं लुंडला राहत असताना, २९ डिसेंबर १९७५ रोजी, नव्वदाव्या वर्षी तो वारला. तोवर आराखडे काढणं चालूच होतं.

१९१६ ते १९६९ म्हणजे त्रेपन्न वर्षं होतात. इतक्या काळात माल्मोच्या मंडळावरची माणसं कितीदा बदलली असतील. तारखा तिथंही हुकल्या असणार, आराखडे तिथंही फिरफिरून बदलले असणार. स्वभाव काही गावागणिक बदलत नाही. स्टॉकहोमच्या मंडळाला जी दिरंगाई वीस वर्षांत असह्य झाली, ती माल्मोच्या मंडळानं अर्धं शतक चालवून घेतली, आणि फुलांचं दुकान काढायची वेळ आली तेव्हाही काम त्याच्याकडेच दिलं.